अस्सलबरहुकूम

कचेरींतून एखाद्या जुन्या दस्तऐवजाची नक्कल मागवली म्हणजे तिच्या तळाशीं ‘अस्सलबरहुकूम’ असा शेरा, त्याखालीं कारकुनाची सही आणि सहीवर शिक्का असे. ‘नक्कल’ हा शब्द आपल्या भाषेंत दोन घरीं नांदतो. तमाशांतला सोंगाड्या पाटलाची नक्कल करतो ती मुळाहून थोडी वांकडी असते म्हणूनच लोक हंसतात. कचेरींतली नक्कल मुळापासून एका काना-मात्रेनें ढळली तरी ती रद्दी ठरते. या दुसऱ्या जातीच्या नकलेचें काम आज लेखणीकडून यंत्राकडे गेलें आहे, आणि यंत्राच्या हातून माणसासारखी चूक होत नाहीं अशी आपली सर्वांची समजूत आहे. ही समजूत कितपत खरी, आणि ‘ही नक्कल खरी आहे’ असें एका माणसानें दुसऱ्यास सांगणें म्हणजे नेमकें काय सांगणें, हा प्रश्न माझ्यापुढें गाण्याच्या एका तबकडीमुळें उभा राहिला. त्यांत माझ्या हातून एका भल्या माणसावर अन्याय झाला, म्हणून तो हकीकतीसह मांडतों.

माझे एक स्नेही आहेत. नोकरी संपल्यापासून जुन्या गाण्यांचा संग्रह हाच त्यांचा व्यवसाय, आणि त्यांत त्यांना आजवर पदरमोडच होत आली आहे. सुमारें बारा वर्षांपूर्वीं त्यांनीं मला एका जुन्या ख्यालगायिकेच्या गाण्यांची नक्कल दिली. मूळ गाणीं तीन-तीन मिनिटांच्या लाखेच्या ध्वनिमुद्रिकांवरचीं. तीं पुढें एका कंपनीनें सीडीवर काढलीं. ती सीडी बाजारांतून नाहींशी झाली. आणि स्नेह्यांनीं आपल्याजवळच्या प्रतीवरून तीं संगणकावर उतरवून मला पाठविलीं. सोबत चिठ्ठी होती : ‘तबकडीवर आहे तसेंच उतरविलें आहे. कांहीं गाळलेलें नाहीं.’ दोन वर्षें मीं तीं गाणीं ऐकलीं. पहांटेचा चहा आणि त्या बाईंचा ललत यांची आमच्या घरांत जोडच पडून गेली होती.

येथें थोडें यंत्रशास्त्र सांगणें प्राप्त आहे. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडीवर ध्वनि खांचेच्या रूपानें नसतो, अंकांच्या रूपानें असतो. दोन बाजूंच्या दोन ध्वनिलहरी दर सेकंदाला ४४,१०० वेळां मोजल्या जातात आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांच्या शिडीवर कोठें बसतें तें लिहून ठेवलें जातें. एका तासाच्या गाण्यांत अशीं एकतीस कोटींहून अधिक मापें होतात. गाणें एकदां अंकांत आलें कीं त्याची नक्कल म्हणजे अंकांची नक्कल. आणि अंकांची नक्कल तंतोतंत होऊं शकते, जी शाईची, रंगाची किंवा प्रत्यक्ष आवाजाची कधींच होऊं शकत नाहीं. हा कांहीं लहान लाभ नव्हे. पिढ्यान् पिढ्या ज्या कलेचा शेवट गवयाच्या देहाबरोबर होत असे, तिच्या एका अंशाला तरी झीज लागूं नये, अशी ही सोय आहे.

पण तबकडीला धूळ लागते, ओरखडे पडतात, आणि वाचणारा प्रकाशाचा किरण अडखळतो. याची तरतूद करणाऱ्यांनीं जी युक्ति योजली ती आपणांस परकी वाटूं नये. वेदपाठ्यांनीं संहितेबरोबर पद, क्रम, जटा, घन असे पाठ बसविले. एकच शब्द पुढून, मागून, शेजाऱ्याच्या जोडीनें इतक्या वेळां म्हणावयाचा कीं एखादें अक्षर घसरलें तर दुसऱ्या ठिकाणीं तें उघडें पडावें. सीडीवर ध्वनीच्या दर २४ अक्षरांमागें ८ अक्षरें केवळ पडताळ्यासाठीं जादा लिहिलेलीं असतात, आणि सलग अक्षरें एका जागीं न ठेवतां दूरवर विखुरलेलीं असतात, म्हणजे एका ओरखड्यानें एकच वाक्य पुसलें न जातां अनेक वाक्यांतलें एकेक अक्षर पुसलें जावें. यामागचें गणित रीड आणि सॉलोमन या दोघां अमेरिकन गणितज्ञांनीं १९६० सालीं मांडलें. त्याच जातीच्या गणितानें १९८६ सालीं युरेनस ग्रहाजवळून व्हॉयेजर यानानें पाठविलेलीं चित्रें पृथ्वीवर शुद्ध उतरलीं. त्या यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक ध्वनिमुद्रिका आहे, आणि तीवर गोव्यांतल्या केरी गांवच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ती भैरवी मात्र जुन्या पद्धतीच्या खांचेंतच कोरलेली आहे. ग्रहांच्या चित्रांना पडताळ्याचीं जादा अक्षरें लाभलीं, बाईंच्या सुरांना लाभलीं नाहींत.

ओरखडा फार मोठा असला तर हें गणितही थकतें. तेव्हां घरांतलें गाणें ऐकण्याचें यंत्र काय करतें? तें अंदाज करतें. मागचें माप आणि पुढचें माप यांच्या मधलें एखादें माप ठेवून देतें, आणि ऐकणाराला कळूंही देत नाहीं. पाहुण्यांसमोर घरांतली उणीव झांकावी तसें हें सौजन्य आहे; ऐकणाराच्या सुखासाठीं तें योग्यच होय. नक्कल करणाराला मात्र हेंच सौजन्य घातक, कारण अंदाज एकदां नकलेंत उतरला कीं तो मूळच म्हणून पुढें चालूं लागतो. म्हणून नकलेसाठीं निराळ्या कार्यक्रमिका निघाल्या. त्यांपैकीं ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ ही जर्मनींतल्या आंद्रे विटहोफ यांची, १९९८ सालची, सर्वांत प्रसिद्ध. ती प्रत्येक जागा निदान दोनदां वाचते; वाचनें जुळलीं नाहींत तर पुन:पुन्हां वाचते; आणि तरीही खात्री झाली नाहीं तर अमक्या ठिकाणीं संशय आहे असें आपल्या अहवालांत लिहून ठेवते. शेवटीं सर्व मापांवरून ती एक पडताळ्याचा अंक काढते. हा अंक इतर ठिकाणच्या अनोळखी लोकांनीं त्याच तबकडीवरून काढलेल्या अंकांशीं ताडून पाहण्याचीही सोय आहे. कोण कुठला मनुष्य, त्याची तबकडी वेगळी, यंत्र वेगळें, आणि तरी अंक तोच आला, तर तो योगायोग असण्याचा संभव चारशें कोटींत एक इतकाही नाहीं.

उतरविलेलें गाणें ठेवण्याच्या दोन रीती आहेत. २००१ सालीं जोश कोल्सन यांनीं प्रसिद्ध केलेल्या फ्लॅक या रीतींत अंकांची घडी घातली जाते : जागा अर्ध्याच्या आसपास लागते, आणि घडी उलगडली कीं वस्त्र सूतभरही कमी नसतें. एमपीथ्रींत घडी नसते, कातर असते. माणसाच्या कानाला जें ऐकूं येणार नाहीं असें शास्त्रज्ञांस वाटलें तें तींत कापून टाकलेलें असतें. आतां खोडी अशी कीं कातरलेल्या वस्त्राचीही घडी घालतां येते. एमपीथ्री घेऊन तिची फ्लॅक करा. बाहेरून ती पूर्ण दिसेल, वजनाला भरेल, आणि आंत पूर्वींच कापलेलें कापड असेल. सोनाराच्या भाषेंत सांगावयाचें तर पितळेवरचा हा मुलामा होय, आणि तो ओळखण्याची कसोटी शोधणारेही पुष्कळ आहेत.

त्यांतली सोपी कसोटी म्हणजे ध्वनीचा आलेख. कोणत्या क्षणीं किती उंचीचे स्वरांश आहेत हें तो आलेख रंगांनीं दाखवितो. सीडीवर सेकंदाला सुमारें २२,००० कंपनांपर्यंतचे अंश असूं शकतात. साधारण प्रतीच्या एमपीथ्रींत बहुधा १६,००० च्या आसपास कातर बसते आणि वरची बाजू काळीभोर राहते. मला ही विद्या नवीनच अवगत झाली होती. नवा वैद्य जसा भेटेल त्याची नाडी पाहतो तसा मी घरांतल्या प्रत्येक गाण्याचा आलेख काढीत सुटलों, आणि एके रात्रीं त्या ललताचा काढला. सोळा हजारांवर सुरीनें कापावें तशी सरळ रेघ होती. जुन्या ध्वनिमुद्रिकेची खरखर तरी त्यावर दिसावयाची, तीही नव्हती.

मीं त्याच रात्रीं स्नेह्यांना पत्र लिहिलें. शब्द सभ्य होते, पण अर्थ एवढाच कीं, ‘आपण एमपीथ्रीवर मुलामा देऊन मला दिला, किंवा आपणांस कोणी दिला तो न तपासतां पुढें दिला, दोहोंपैकीं कोणतें तें कळवावें.’ उत्तर दोन ओळींचें आलें : ‘तबकडी माझ्याजवळ होती, ती वर्षापूर्वीं एकानें नेली ती परत आली नाहीं. आपणांस शंका आहे तोंवर ती नक्कल पुढें कोणास देऊं नये.’ रागाचा एक शब्द नाहीं, बचावाचाही नाहीं. मीं तें कबुलीजबाब समजून घेतलें. येणें-जाणें कमी झालें. दिवाळीला फराळाचा डबा जाई तो बंद झाला.

चार वर्षांनीं रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांत मला तीच सीडी सांपडली. घरीं येऊन ती उतरविली आणि दोहोंचे पडताळ्याचे अंक काढले. एकही अक्षर इकडचें तिकडे नव्हतें. ती सरळ रेघ खुद्द तबकडीवरच होती. कंपनीनें लाखेची खरखर घालविण्यासाठीं वरची बाजू छाटून टाकली होती, किंवा तिच्याकडेच गाणें कातरलेल्या रूपानें आलें होतें. कसेंही असो, स्नेह्यांनीं चिठ्ठींत जें लिहिलें तें अक्षरश: खरें होतें.

माझी चूक कोठें झाली तें तर्कशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्यानें सांगितलें असतें. जेथें धूर तेथें अग्नि हें खरें. पण जेथें अग्नि तेथें धूर हें खरें नव्हे, कारण धुराला ओलें सरपण लागतें, हें उदाहरण आपले नैयायिक शेंकडों वर्षें शिष्यांकडून घोकून घेत आले. एमपीथ्री असली म्हणजे वरची बाजू कापलेली असते, म्हणून वरची बाजू कापलेली असली कीं ती एमपीथ्रीच, असा तर्क मीं केला. आलेख खोटें बोलला नाहीं. तो फक्त ‘येथें कांहीं नाहीं’ एवढेंच म्हणाला होता. तें कोणी नाहींसें केलें हें मीं माझ्या पदरचें घातलें. आणि खरें सांगावयाचें तर तर्कदोष हें निमित्त होतें. नवीन हत्यार हातीं आलेल्या माणसाला गुन्हेगार सांपडला नाहीं तर हत्यार वाया गेल्यासारखें वाटतें.

येथें मला कोणी विचारील कीं, दोन वर्षें ललत ऐकलात तेव्हां कांहीं उणें वाटलें होतें काय? नव्हतें. त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी कीं आलेख पाहिल्यावर दुसऱ्या दिवसापासून मला तें गाणें बोदें ऐकूं येऊं लागलें. पुढें मीं माझ्या कानांची परीक्षा घेतली. एका चांगल्या तबकडीवरचें गाणें आणि त्याचीच उत्तम प्रतीची एमपीथ्री, अशीं दोन माझ्या मुलीनें मला न सांगतां वीस वेळां उलटसुलट लावलीं. मीं अकरा वेळां बरोबर ओळखलें. नाणें उडवलें असतें तरी साधारण तेवढेंच. मुलगी म्हणाली, “बाबा, मग ऐकूंच येत नसेल तर भांडण कशाचें?”

प्रश्न सरळ आहे आणि तो टाळतां येत नाहीं. ऐकण्यापुरतें म्हणाल तर भांडण नाहीं; आगगाडींत एमपीथ्री ऐकणाराला मी अरसिक म्हणणार नाहीं. पण नक्कल ही केवळ ऐकण्याची वस्तु नसते, ती पुढल्या नकलेची आई असते. माझ्या कानाला जें कळलें नाहीं तें माझ्या नातवाच्या कानाला, किंवा आज नसलेल्या एखाद्या उपकरणाला कळेल कीं नाहीं तें मी ठरविणारा कोण? कापलेलें परत येत नाहीं, आणि आपण कापलें आहे हें न सांगतां दिलेलें कापड घेणारा पूर्ण समजून त्यावर पुढची शिलाई करतो. शिवाय ज्या गोष्टीची परीक्षा घेणाराला करतां येत नाहीं, ती देतांना देणाराचा शब्द हाच माल असतो. दूध पाणी घातलेलें आहे हें जिभेला कळतें; म्हणून गवळ्याचें खोटें लवकर उघडें पडतें. नकलेचें खोटें जिभेला, कानाला, डोळ्याला कळत नाहीं, तेथें ठेव ठेवल्यासारखा विश्वास टाकावा लागतो. अहवालही खोटा लिहितां येतो. अहवालाच्या तळाशीं कार्यक्रमिका जो शिक्का उठविते तोही बनावट उठविणारे निघाले आहेत. अनोळखी लोकांची साक्ष काढावी तर ती साक्ष इतकीच कीं ‘आमच्याही तबकडीवर हेंच आहे’. एकाच सांच्यांतून निघालेल्या हजार तबकड्या एकच चूक एकमुखानें सांगतील. आणि माझ्याजवळच्या मराठी तबकड्यांपैकीं निम्म्यांच्या बाबतींत तर साक्षीदारच नाहींत. त्या उतरविणारा मी पहिलाच.

मग ‘अस्सलबरहुकूम’ म्हणणाराची जबाबदारी कोठवर? जुने पोथीलेखक ग्रंथ संपतांना लिहून ठेवीत कीं समोर जें होतें तेंच उतरलें आहे, शुद्धाशुद्धाचा बोल मला लावूं नये. हा वरवर अंग झाडण्याचा प्रकार वाटतो. पण त्यांत एक फार मोठें वचन आहे, तें म्हणजे ‘मीं माझें कांहीं घातलें नाहीं’ हें. दुसरें काम एकनाथांचें. शके १५०६ मध्यें त्यांनीं ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. तें नक्कल करणाराचें काम नव्हे, शोधकाचें. आणि तें करून झाल्यावर यांत कोणी आपली ओवी घालूं नये अशी त्यांनीं कडक ताकीद दिली. पहिल्या माणसाकडून तंतोतंतपणा मागावा, दुसऱ्याकडून विवेक. ज्या कंपनीनें खरखर छाटली तिनें शोधकाचें काम अंगावर घेतलें आणि वेष्टनावर त्याचा उल्लेखही केला नाहीं. माझ्या स्नेह्यांनीं लेखकाचें काम केलें आणि तें चोख केलें. मीं लेखकाला शोधकाच्या गुन्ह्यासाठीं जाब विचारला. खरेदीखतांतला व्यवहार लबाडीचा होता म्हणून नक्कल देणाऱ्या कारकुनाला कोणी तुरुंगांत घालीत नाहीं.

सीडी सांपडली त्याच दिवशीं मीं क्षमापत्र लिहिलें. कर्तव्य म्हणून लिहिलें असें म्हणवत नाहीं. भीत भीत लिहिलें. आठ दिवसांनीं ते स्वत:च आले. बरोबर एक जुनी लाखेची ध्वनिमुद्रिका जाड पुठ्ठ्यांत घालून आणली होती : त्याच ललताची मूळ मुद्रिका, एका जुन्या वाड्याच्या लिलांवांत मिळालेली. मागचा विषय त्यांनीं काढूं दिला नाहीं. “आधीं पेटी काढा,” म्हणाले.

पेटी कशाला तें मला कळेना. त्यांनीं सीडी लावली आणि बाईंच्या षड्जाशीं पेटी जुळवूं लागले. पांढरी पांच लावली तर सूर तिच्याहून चढा. काळी चार लावली तर उतरता. षड्ज दोहोंच्या बरोबर मधें लटकत होता. मग त्यांनीं समजावून सांगितलें तें असें : जुन्या ध्वनिमुद्रिका सगळ्याच मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या नसत, कांहीं ८० च्या वेगानें घेतलेल्या, कांहीं ७८ हून कमी. ८० ची ७८ वर वाजवली तर स्वर जवळजवळ अर्ध्या श्रुतिखंडानें, म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याच्या आसपास, खालीं येतो. गाणें तेवढेंच लांबतें, आवाज थोडा जाड होतो. व्हॉयेजरच्या तबकडीवर ती किती वेगानें फिरवावी हें परग्रहावरच्यांना समजावें म्हणून चित्र काढून ठेवलें आहे. या मुद्रिकेच्या चिठीवर वेगाचा आंकडा नव्हता.

त्यांच्या यंत्राला वेग कमीजास्त करण्याची खुंटी होती. मुद्रिका लावली, खुंटी हळूहळू फिरवली, आणि खरखरींतून षड्ज काळी चारवर येऊन बसला. सोळा हजारांच्या वरचें जें कांहीं होतें तें त्या खरखरींतच होतें. मी म्हटलें, “म्हणजे दोन वर्षें आम्हीं ऐकलें तें सगळेंच चुकीचें?” ते म्हणाले, “तसें म्हणवत नाहीं. बाईंचा पेटीवाला त्या दिवशीं कोणती पेटी घेऊन आला होता, आणि ती कशी लावलेली होती, तें तुम्हांला ठाऊक आहे? मला नाहीं.”

चहा झाला. जातांना त्यांनीं ती जुनी चिठ्ठी मागितली. मीं ती सीडीच्या वेष्टनांत जपून ठेवली होती. खिशांतलें पेन काढून ‘कांहीं गाळलेलें नाहीं’ या ओळीखालीं त्यांनीं आणखी एक ओळ लिहिली, तारीख घातली, आणि सही केली : ‘तबकडीवर वेग ७८ धरलेला दिसतो. ८० असूं शकेल.’